बेण्याचा डबा आणि सोजराबाईची चंची

सोजराबाईचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, हळकुंडावर. तोही मोडून बघितल्यावर.

वसमतच्या मोंढ्याच्या बाजारात हळद निवडता निवडता तिचे केस पांढरे झाले होते. पोत्यातून हळकुंड उचलायचं, कानाजवळ न्यायचं आणि दोन अंगठ्यांत धरून मोडायचं. कट्‌ असा कोरडा आवाज आला तर माल खरा. आवाज मऊ आला, लाजल्यासारखा आला, की ती मान वर न करता म्हणायची, "हे पोतं आंघोळ करून आलंय, शेठ. अजून अंग पुसलं न्हाई त्यानं."

माणसांनाही ती तशीच कानाजवळ नेऊन मोडायची. आडत्या खरं बोलायचा तेव्हा भाव सांगून गप्प बसायचा. खोटं बोलायचं असलं की त्याला नाती आठवायची. "आता बघा मावशी, तुमी म्हंजे मला आईच्या जागी." आईच्या जागी बसवलं रे बसवलं, की सोजराबाई पोत्याच्या पार तळाशी हात घालायची. दूधवाला स्वतःहून म्हशीची तब्येत सांगायला लागला की ती दूध बोटावर घेऊन बघायची. फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण रांगेत आहात," तर हिनं फोनलाच विचारलं होतं, "कुठंय रांग? दाव."

तिच्या गावच्या, कुरुंद्यातल्या बायका म्हणायच्या, सोजराबाई आरशात बघते तीसुद्धा आरसा खरं बोलतो का ते तपासायला.

हे उगीच नव्हतं. तिचा नवरा संतराम तीन पत्ती खेळायचा. माणूस वाईट नव्हता. कुणाला शिवी नाही, घरात हात उगारणं नाही. फक्त बसल्या जागेवरून उठायचं कधी, हे त्याच्या पायांना कळत नव्हतं. जिंकला की गल्लीच्या तोंडापासून खोकत यायचा. हरला की चपला हातात घेऊन यायचा. त्या न वाजणाऱ्या चपलांनी आधी शेळी नेली, मग तांब्याचा हंडा नेला, मग सोजराबाईच्या कानातलं नेलं. दर वेळी एकच बोल असायचा, "आता एकच डाव." संतराम गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्लीत कुणी दबकत चाललं की अजून सोजराबाईचा हात आपोआप कानाच्या पाळीकडं जायचा.

आता घरात दोन लेकरं. थोरला सुरज, कुरुंद्याच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीची टपरी चालवणारा. धाकटी कोमल, नांदेडला नर्सिंग शिकणारी. कोमलच्या दुसऱ्या वर्षाची फी सोजराबाईनं हळद निवडून आणि दीड एकरातली हळद विकून जमवली होती. चाळीस हजार. ते पैसे ट्रंकेत, ट्रंकेवर गाद्या आणि गाद्यांवर ती स्वतः झोपायची.

आणि हा सुरज दर रविवारी दुपारी आखाडा बाळापूरला जायला लागला होता.

"कुठं चाललास रं?"

"बाळापूरला. पत्ते खेळायला."

सोजराबाई चमकली. एवढं सरळ खरं कुणी सांगतं व्हय? पत्ते खेळणारा माणूस म्हणतो, मित्राच्या बहिणीला बघायला पाहुणे आलेत. म्हणतो, बँकेत काम हाय, रविवार असला तरी म्हणतो. या पोरानं पत्त्यांचं नाव घेतलं म्हणजे पत्त्यांआड दुसरंच काहीतरी आहे. बाई असेल. नाहीतर चोरीचे मोबाइल असतील.

तिनं कान लावला. पाच वाजता गाडीचा आवाज यायचा आणि तो दर रविवारी सारखाच असायचा. ना खोकला, ना दबकणं. हात धुवायचा, भाकरी मागायचा, "वांगं बेस झालं" म्हणायचा. पैसे मागत नव्हता, उसने काढत नव्हता, चिडत नव्हता. जुगाऱ्याचं एकही लक्षण नाही, म्हणून तर सोजराबाईची झोप उडाली. हळकुंड मोडल्यावर कसला तरी आवाज यायला हवा ना. इथं आवाजच नाही.

मे महिन्यात तिनं बेण्याचा ढीग उकरला. हळद काढली की त्यातले चांगले जाड गड्डे पुढच्या पेऱ्यासाठी बाजूला काढायचे, लिंबाखाली सावलीत ढीग लावायचा आणि वरून हळदीचा पाला झाकायचा, ही रीत. मधूनमधून ढीग वरखाली करून कुजकं वेचावं लागतं. कुजकं वेचताना हाताला लागला फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा.

डब्यात नोटांच्या वीस गुंडाळ्या. प्रत्येकीला टपरीतलं निळं रबर. प्रत्येकीत हजार.

सोजराबाई आधी पळाली ट्रंकेकडं. कोमलची फी जागच्या जागी होती. तरीही तिनं ती दोनदा मोजली, कारण जागच्या जागी असणं हेसुद्धा कधीकधी सोंग असतं.

संध्याकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ढिगात उंदीर लागलाय वाटतं."

सुरज ताटावरून हसला. "उंदराला म्हणावं, डब्याला दात लावू नको. बेणं हाय ते."

"कशाचं बेणं?"

"पत्त्यांचं. पोकर म्हणतात त्या खेळाला. पुण्यात कंपनीत होतो तवा फोनवर शिकलो. आता फोनवरचं बंद झालं, म्हणून बाळापूरला माडीवर बसतो आमी चौघं." मग तो आईला आवडेल अशा भाषेत सांगायला लागला. "हे बघ माय. आपुन हळदीचं बेणं इकतो का?"

"न्हाई."

"भाजीत घालतो का? भाव कितीबी चढला तरी?"

"येड लागलंय का?"

"मग तसंच हे. डब्यात असंल त्याचे वीस वाटे करायचे. एका बैठकीला एकच वाटा न्यायचा. तो गेला की उठायचं, हातात चार एक्के येणार असले तरी उठायचं. जिंकलं तर डब्यात. घरचा पैसा डब्यात जाणार न्हाई, डब्यातला घरात येणार न्हाई. दोन हजार टाकून सुरू केलं होतं मी, टपरीचे."

"तुझा बाप बी असंच कायबाय म्हणायचा."

"काय म्हणायचे बाबा?"

"आता एकच डाव."

सुरजचा घास तोंडाजवळच थांबला. मग त्यानं तो खाल्ला आणि म्हणाला, "वांगं बेस झालं."

दुसऱ्या दिवशी सोजराबाईनं त्या डब्यातल्या दहा गुंडाळ्या काढून घेतल्या. चोरी म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून. जुगाऱ्याचे निम्मे पैसे गेले की तो काय करतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी बोंबलतो. मग घरच्यांच्या अंगावर जातो. मग गेलेलं भरून काढायला दुप्पट घेऊन बसतो. आता निघंल आवाज, असं म्हणून ती चुलीपाशी कान देऊन बसली.

सुरज रविवारी लिंबाखाली गेला. डबा उघडला. थोडा वेळ नुसता उकिडवा बसून राहिला. आजूबाजूला बघितलं, घराकडं बघितलं. मग उरलेल्या दहा गुंडाळ्यांची रबरं काढली, खिशातून आणखी रबरं काढली आणि पाचशे-पाचशेच्या वीस गुंडाळ्या बांधल्या. एक खिशात घातली. डबा पाल्याखाली सारला.

"माय, जाऊन येतो."

पाच वाजता आला. हात धुतले, भाकरी मागितली.

सोजराबाईनं भाकरी वाढली आणि मनात हिशेब मांडला. दहा हजार गेले आणि माणूस तोंड उघडत नाही. म्हणजे याच्याकडं कुठंतरी दहाचे पन्नास असतील. नाहीतर भरपाई कुठून करायची ते यानं आधीच ठरवून ठेवलंय. आणि या घरात भरपाईजोगी एकच जागा होती, गाद्यांखालची ट्रंक.

त्याच आठवड्यात कोमलचा फोन आला. "माय, सोमवारी शेवटची तारीख हाय फीची. न्हाई भरली तर परीक्षेचा फॉर्म घेणार न्हाईत. ऑफिसातला माणूस म्हणला, 'नियम म्हणजे नियम, ताई, आम्ही काय घरून आणतो का नियम?'"

"असं म्हणला?"

"हाव."

"मग खरंच हाय त्याचं. ताई म्हणला म्हणून जरा शंका हाय, पण सोमवारी आणते मी."

फोन ठेवला आणि सोजराबाईनं ट्रंक उघडली. सोमवारच्या आधी रविवार येतो, हे तिला दिसत होतं. ट्रंकेवर राहून भागणार नव्हतं. तिनं चाळीस हजार चंचीत भरले. चंची म्हणजे तिच्या सासूची, पानसुपारीची, चार कप्प्यांची कापडी पिशवी. एका कप्प्यात सुरजच्या त्या दहा गुंडाळ्याही कोंबल्या आणि चंची लुगड्याच्या आतून कंबरेला करकचून बांधली. आता पोरानं न्यायचे म्हटले तर आईसकट न्यावे लागले असते.

रविवारी सुरजनं गाडीला किक मारली, तर मागं सोजराबाई बसलेली.

"तू कुठं?"

"बाळापूरला. गुडघ्याचं मलम आणायचंय."

"कुरुंद्यात मिळतंय की."

"कुरुंद्यातलं लागत न्हाई."

सुरजनं आरशातून आईकडं बघितलं. आईनं आरशातून सुरजकडं बघितलं. गाडी निघाली.

माडी होती राधाकृष्णच्या मेडिकलवर. खाली शटर अर्धं ओढलेलं, वर सतरंजी, पंखा आणि मधोमध स्टूलावर प्लायवूडची फळी. राधाकृष्ण मेडिकलवाला मऊ बोलणारा माणूस. "या काकू, बसा, मलम देतो, उपाशीपोटी लावायचं नसतं," असं म्हणून गेला, नंतर स्वतःशीच विचारात पडला. दुसरे विश्वजीत सर, शिकवणीवाले. पत्ता टाकतानाही ते फळ्यावर लिहिल्यासारखे बोलायचे, "तर आता आपल्यापुढं दोन पर्याय उरतात. कोणते? सांगतो." आणि तिसरा धर्मसिंग. दोन जेसीबींचा मालक, आवाजही जेसीबीचा, गळ्यात चेन.

"सुरज्या, आज बॉडीगार्ड घेऊन आलास व्हय?"

"मलम घ्यायला आली ती."

"बसा मावशी. तुमच्या पोराकडनं कधी काय निघत न्हाई. गुंडाळी घेऊन येतो, गुंडाळी संपली की उठतो. हा पत्ते खेळत न्हाई, हप्ता भरतो."

पैशांऐवजी फळीवर खोकल्याच्या औषधाची झाकणं फिरत होती. पांढरं झाकण दहाचं, केशरी शंभराचं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले, फळीवर पाच पत्ते सगळ्यांचे मिळून, ते एकेक करून उघडायचे. ज्याची जुळणी मोठी त्याची झाकणं. माडीचा एक खास नियम होता. समोरच्यानं जेवढं सारलं तेवढं पुरतं भरल्याशिवाय त्याचे पत्ते बघायला मिळत नाहीत. झाकणं संपली असतील तर खिशातून काढा, नाहीतर पत्ते टाकून द्या.

सोजराबाई भिंतीला टेकली. तिला ना डाव कळत होता ना जुळणी. तिनं डोळे अर्धे मिटले आणि ती ऐकायला लागली.

पहिल्या तासाभरात तिला तिघंही कळले. सरांकडं चांगले पत्ते आले की त्यांचे पर्याय संपायचे आणि ते गप्प व्हायचे. राधाकृष्ण खोटं रेटताना समोरच्याची तब्येत विचारायचा. आणि धर्मसिंग. धर्मसिंगकडं खरं काही असलं की तो साधं, जड मराठी बोलायचा, "घाल की. काय बघून राहिला?" आणि हातात काही नसलं की त्याला हिंदी फुटायची. "देखो भई, अपना तो एकच उसूल है." दोनदा उसूल निघाला, दोनदा बाकीच्यांनी पत्ते टाकले, आणि दोन्ही वेळा धर्मसिंगनं स्वतःचे पत्ते घाईनं गड्डीत मिसळले. सोजराबाईच्या कानाला ते हळकुंड मऊ लागलं.

मग तो डाव आला. सुरजनं आपले पत्ते जरासे उचलून बघितले. त्याच्या मागंच बसलेल्या आईलाही ते दिसले. दोन राजे. फळीवर आणखी एक राजा उघडला. सर म्हणाले, "आपला पर्याय एकच," आणि त्यांनी पत्ते टाकले. राधाकृष्णनंही टाकले. मधे झाकणांचा ढीग झाला होता, आणि सुरजकडं राहिली होती तीन पांढरी झाकणं.

धर्मसिंगनं सगळी केशरी झाकणं एका हातानं पुढं लोटली. पाच हजारांची.

"देखो भई," धर्मसिंग म्हणाला, "अपना एक उसूल है. दिल बडा रखने का. डरनेवाले को डर मुबारक."

सोजराबाईच्या कानात काहीतरी मऊच मोडलं. खोटं. तळापासून ओलं पोतं. हिंदी, उसूल आणि वर दिल. आडत्यानं आईच्या जागी बसवलं तरी ते एवढं ओलं नसायचं.

सुरज पत्त्यांकडं बघत होता. मग त्यानं ते फळीवर ठेवले आणि उठायला गुडघ्यावर हात दिला.

"बस खाली," सोजराबाई म्हणाली.

"माय, वाटा संपला."

"खोटं बोलून राहिला तो. मला ठाव हाय. बस." ती पदराआड हात घालून करकच्च गाठ सोडत होती. गाठ तिनंच पोरापासून वाचवायला मारली होती. ती आता तिलाच सुटेना, तर तिनं दातानं सोडली. चंची फळीवर आपटली. "पाचच लागतात न्हवं? घे."

चंचीच्या तोंडातून पाचशेच्या नोटा डोकावल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक निळ्या रबराची गुंडाळी घरंगळत जाऊन केशरी झाकणांना टेकली. मग दुसरी.

सुरज त्या निळ्या रबराकडं बघत राहिला. मग नोटांकडं. मग आईकडं.

"हे कुणाचं?"

"घे म्हणलं ना."

"कुणाचं हाय, माय?"

"कोमलचं," सोजराबाई म्हणाली. आणि मग तिच्याच तोंडून, कुणी न विचारता, पुढचं निघालं, "एकच डाव, बाळा."

ते शब्द माडीवर कुणालाच विशेष वाटले नाहीत. सर घड्याळ बघत होते. पण सोजराबाईचा हात कानाच्या पाळीवर गेला आणि तिथंच राहिला.

सुरजनं निळ्या गुंडाळ्या उचलून चंचीत घातल्या, नोटा आत सारल्या, कप्पे मिटले. मग आपले दोन राजे उलटे करून गड्डीवर टाकले. "न्हाई. तुझं, धर्मसिंगभाऊ."

"उठला बघा हप्तेवाला," धर्मसिंग म्हणाला आणि झाकणं ओढली.

"दाव," सोजराबाई म्हणाली.

"काय दावू, मावशी?"

"तुझे पत्ते. काय होतं ते."

"पैसे भरल्याबिगर कसं दावू? नियम हाय माडीचा." आणि त्यानं आपले पत्ते गड्डीत मिसळले, पण या वेळी सावकाश, आणि साध्या मराठीत म्हणाला, "मलम घ्यायचं इसरू नका."

ती साधी मराठी सोजराबाईच्या कानात घरापर्यंत खडखडत राहिली. हा माणूस हिंदीत खोटं बोलतो, हे तिनं ओळखलं होतं. पण भिंतीला टेकून कुणीतरी कान लावलाय, हे त्यानं ओळखून मुद्दामच हिंदी काढली असली तर?

निम्म्या रस्त्यात सुरज म्हणाला, "त्या दहा कुठं सापडल्या?"

"ढिगात. उंदरानं नेल्या असतील."

"उंदराला चंची असते व्हय?"

"परत घाल त्या डब्यात," सोजराबाई म्हणाली.

"राहू दे तुझ्याकडंच. माझे वीस वाटे झालेत बराबर."

"काहून? परत घ्यायला काय झालं?"

"आजचा वाटा गेला, उरले त्याचे परत वीस करीन. तू ते कोमलच्या गणवेशाला घाल. एकदा ढिगाबाहेर येऊन ऊन खाल्लेलं बेणं उगवत न्हाई."

हे पोरगं पैसे सोडतंय कसं, अशी शंका सोजराबाईच्या मनात उभी राहिली. नेहमीच्या शंकांसारखीच तरतरीत. पण तिच्या शेजारी आज एक नवीन शंका येऊन बसली होती, आणि ती सुरजबद्दल नव्हती.

सोमवारी सकाळी नांदेडला निघायच्या वेळी सोजराबाईनं चंची कंबरेला बांधली. मग सोडली. मग परत बांधली. शेवटी ती सुरजपुढं धरली.

"तू धर."

सुरज दचकला. "मी? काहून?"

"धर म्हणलं ना. तुझ्या खिशात ठेव. आन् मी मागितली तरी देऊ नको."

"आन् तुला माझा भरवसा?"

"न्हाई," सोजराबाई म्हणाली. "पण माझा मला त्याहून कमी हाय."

ती मागं बसली. नांदेड येईस्तोवर तिचा एक हात पोराच्या खिशावर होता.

कॉलेजात ऑफिसातल्या माणसानं नोटा मोजल्या, आणि "मावशी, काळजी करू नका, तुम्ही आईसारख्या," असं म्हणाला. झालं. सोजराबाईनं त्याच्याकडून परत मोजून घेतल्या. पावतीवरचं नाव कोमलकडून वाचून घेतलं, तिच्या मैत्रिणीकडून वाचून घेतलं, शिक्का ओला आहे का ते बोट लावून बघितलं. शिक्का ओला निघाला. बोट निळं झालं. कोमल हसत सुटली.

परतीच्या रस्त्यावर गाडीच्या आवाजात सोजराबाई पोराच्या कानाशी वाकली.

"काय बी नव्हतं रं त्याच्याकडं."

"असंल."

"दोन राजे आन् फळीवरचा तिसरा. आपलंच होतं ते."

"असंल, माय."

"मला ऐकू आलं होतं."

"म्हणून तर पुढच्या रविवारी तुला न्यायचं न्हाई."

बरंच अंतर गेल्यावर सोजराबाई म्हणाली, "नेऊच नको. मी मलमाचं म्हणीन. ऐकू नको माझं."